खरखर पूर्ववत करण्याबाबत

खरखरकाकांनी आपल्याशी लग्न करायला कधी होकार दिलाच नव्हता, असं काकू सांगतात. मुलगी पसंत आहे का, असं विचारल्यावर त्यांनी मान खाली झटकली आणि मोठ्या माणसांनी तो होकार धरला. त्या झटक्याचा अर्थ काकूंना लग्नानंतर वर्षभराने कळला. वेल्डिंग करणाऱ्याचे दोन्ही हात कामात असतात. कपाळावर सरकवलेलं हेल्मेट खाली घ्यायला हात मोकळा नसतो, म्हणून तो मान एकदा झटकतो. हेल्मेट तोंडावर पडतं, काळी काच डोळ्यांपुढे येते आणि मग ठिणगी पेटते. वर्षानुवर्षं दिवसातून दोनशे वेळा हे केल्यावर मानेला दुसरं काही सुचत नाही. डोळ्यांना खुपणारं काहीही समोर आलं, मग ते लोखंड असो, पाहुणे असोत की बायकोचा प्रश्न, काकांची मान खाली जायची.

"हो म्हणत नाहीत ते," काकू नव्या माणसाला समजावत. "दार लावून घेतात."

चार मजल्यांच्या एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर काकांचं वर्कशॉप होतं आणि वर्कशॉपच्या मागे दोन खोल्यांचं घर. मोठी कामं समोरच्या अंगणात चालत. अंगण बिल्डिंगचं होतं, पण बिल्डिंगमधलं एकूणएक लोखंड काकांनी जोडलेलं होतं: फाटक, जिन्याचा कठडा, गॅलऱ्यांच्या जाळ्या, गच्चीवरच्या टाकीची शिडी. कठडा तळापासून गच्चीपर्यंत सलग होता आणि प्रत्येक मजल्यावर तिथल्या जाळीला जोडलेला होता. इतका भरभक्कम कठडा दुसरीकडे कुठे नाही, असं लोक म्हणत आणि ते खरं होतं.

वेल्डिंगला दोन केबल लागतात. एकीच्या टोकाला हातात धरायचा होल्डर, दुसरीच्या टोकाला चिमटा. करंट होल्डरमधून जातो, लोखंड वितळवतो आणि चिमट्यातून मशीनकडे परत येतो. तो चिमटा ज्या वस्तूवर काम चाललंय तिलाच लावायचा, हे शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं. काकांनाही ठाऊक होतं. पण दर वेळी वाकून चिमटा काढायचा, पुन्हा वाकून लावायचा, यात त्यांची कंबर जाई. म्हणून एके वर्षी त्यांनी तो जिन्याच्या कठड्याच्या पायाशी लावला आणि कायमचा तिथेच ठेवला. कठड्यापासून एक लोखंडी पट्टी अंगणातल्या कामाच्या टेबलापर्यंत आणली. टेबलावर काहीही ठेवलं की ते कठड्याला जोडलं जाई, आणि कठडा तर सगळ्या बिल्डिंगला जोडलेला होताच.

"करंट जाईल कुठे?" काका म्हणत. "फिरेल, फिरेल आणि घरी येईल."

तो फिरे मात्र चांगलाच. काकांनी ठिणगी पेटवली की चारही मजल्यांवरचे रेडिओ खरखरत, टीव्हीवर आडव्या रेघा धावत, फोनवर बोलणारा माणूस कढईत पडल्यासारखा ऐकू येई. ज्या घरांत वायर नसलेल्या बेल होत्या त्या आपोआप वाजत. यावरूनच काकांना ते नाव पडलं. पहिली दोन वर्षं लोकांनी भांडणं केली. मग सवय झाली. आणि मग, हे कोणाच्या लक्षात आलं नाही, पण हळूहळू सगळ्यांनी त्या खरखरीच्या आधाराने संसार मांडला.

दारावरची बेल वाजली तर 'काका आहेत' म्हणून कोणी उठत नसे. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंचे मेव्हणे चार वर्षांत सात वेळा येऊन परत गेले होते आणि बाईंच्या घरात शांतता होती. ज्याला घरी उशीर होणार असे तो 'फोन केला होता, खरखरीत तुला ऐकू आलं नसेल' असं सांगे. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा रोज अकरा वाजता जिन्यात उभे राहून दोन्ही हातांनी कठडा धरत. हाताला मुंग्या येत, आणि त्या मुंग्या गुडघ्यापर्यंत उतरतात असा त्यांचा अनुभव होता. आणि पहिल्या मजल्यावरच्या हेडबाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, यांच्या कानात ऐकण्याचं यंत्र होतं. काकांचं काम सुरू झालं की त्या यंत्रात मधमाश्यांचं पोळं उठे. त्यांची सून कामावरून पाचला घरी येई आणि आल्यापासून तासभर बोलत असे. नेमकं तेव्हाच काका दिवसाचं उरलेलं काम उरकायला घेत. हेडबाई कानाला हात लावून, चेहरा दुखावल्यासारखा करून, अंगणाकडे बोट दाखवत.

"बोल तू," त्या म्हणत. "मला काही कळत नाहीये, पण बोल."

असं बारा वर्षं चाललं.

मग काकांच्या ताईला चक्कर आली.

ताई काकांपेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई-वडील गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं आणि शाळेत मन रमत नाही म्हटल्यावर हाताला धरून वेल्डिंग शिकायला नेऊन बसवलं. लग्न केलं नाही. एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात एकतीस वर्षं बसून आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारला आणि अर्धवट कागद आणणाऱ्याला उभ्याउभ्या परत पाठवलं. आता ती काकांच्या वर्कशॉपच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत राहायची. जेवण खालून जाई आणि सूचना वरून येत.

डॉक्टरांनी तिच्या छातीत, कातडीखाली, पेसमेकर बसवला. काडीपेटीपेक्षाही लहान डबी. हृदय आळशीपणा करायला लागलं की ती त्याला टोचणी देते. आठ दिवसांनी घरी सोडणार होते. त्याआधी पेसमेकर तपासणारी बाई काका-काकूंना एका टेबलाशी घेऊन बसली आणि कागद वाचून दाखवू लागली. मिक्सर चालेल, टीव्ही चालेल, मोबाइल छातीच्या खिशात नको. वेल्डिंगपासून लांब.

"घरात कोणी वेल्डिंग करत नाही ना?" तिने सहज विचारलं.

काकांची मान खाली गेली.

"करत नाहीत ना? छान."

"करतात," काकू म्हणाल्या. "त्यांच्या मानेवर जाऊ नका. वन्संच्या पलंगाच्या बरोबर खाली करतात."

बाईने पेन खाली ठेवलं. कोणतं मशीन, किती अँपिअर, केबल कशा टाकता, चिमटा कुठे लावता, असं तिने एकेक विचारलं. काकांनी कठड्याचं सांगितलं.

"म्हणजे तुमचा जिना वायर आहे?"

"जिना वायर नाही. जिना जिनाच आहे. करंट तेवढा त्यातून जातो."

"आणि पेशंटच्या खोलीच्या जाळीतून?"

"जाळी जिन्यालाच जोडलीय," काका जरा अभिमानाने म्हणाले. "हलत नाही कधी."

बाईने कागद उलटा करून त्यावर दोन समांतर रेघा ओढल्या. मग तिने समजावलं. दोन केबल जवळजवळ असतील तर एकीतून जाणारा आणि दुसरीतून येणारा करंट एकमेकांचा त्रास बराचसा मारून टाकतात. त्या लांब फाकल्या की मधल्या सगळ्या जागेचा अँटेना होतो. तुमच्याकडे त्या चार मजले फाकल्यात आणि मध्ये तुमची बहीण झोपते. डबीला बाहेरची खरखर म्हणजे हृदयाचे ठोके वाटले तर ती टोचणी द्यायची थांबेल. शिवाय तो कठडा धरणारा एखादा माणूस एक दिवस नुसत्या मुंग्यांवर सुटणार नाही, हे वेगळंच. "आधी तो चिमटा काढा. मग बाकीचं नीट करा, आम्हाला दाखवा, आणि मग वरच्या खोलीचं डॉक्टर ठरवतील. तोपर्यंत त्या असतील तिथे वेल्डिंग नको."

काका घरी आले आणि त्यांनी वर्कशॉपचं शटर खाली ओढलं. कायमचं बंद, असं त्यांनी काकूंना सांगितलं. ताईला जायला दुसरी जागा नव्हती आणि त्यांना दुसरं काम येत नव्हतं, तेव्हा दोघांतलं एक जाणार असेल तर काम जाईल. हे कळल्यावर ताईने हॉस्पिटलच्या खाटेवरून फोन केला.

"शटर बंद केलंस म्हणे."

"हो."

"मग दिवसभर काय करणार?"

"बसेन."

"कुठे बसशील? माझ्यासमोर? तू असा तोंड पाडून समोर बसलास तर ती डबी आपणहून बाहेर येईल. उघड शटर. खरखर बंद कर, धंदा बंद करायला कोणी सांगितलंय?"

खरखरीतलं बिल्डिंगमध्ये एकाच माणसाला कळत होतं: रेडिओवाले. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या या गृहस्थांनी आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले होते आणि आता ते बिल्डिंगचे सेक्रेटरी होते. काकांनी हॉस्पिटलचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि चष्मा पुसत बसले.

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे," ते म्हणाले.

"काय?"

"तुमचा चिमटा. कठडा. सगळंच."

"मग बोलला का नाहीत?"

"काका, खरखर गेली असती तर माझ्याकडे कोण आलं असतं? लोक सेट घेऊन यायचे. मी दोन दिवस ठेवून घ्यायचो आणि तुमच्या सुट्टीच्या दिवशी परत द्यायचो. काचेसारखा आवाज. लोक म्हणायचे, याच्या हाताला गुण आहे."

काकांना राग यायला हवा होता, पण त्यांना नवलच वाटलं. बारा वर्षं दोघे एकाच कढईत तळत होते आणि एकालाच ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. पहिल्यांदा चिमटा कठड्यावरून निघाला. तिथलं लोखंड इतकं घासलं गेलं होतं की त्यात चेहरा दिसे. टेबलाची पट्टी कापली. चिमटा कामाच्या वस्तूलाच लागेल, तेही जोडापासून वीतभर अंतरावर, असं ठरलं. मग केबल. काका होल्डरची केबल खांद्यावरून, मानेमागून घेत. हात हलका राहतो म्हणून.

"ती काढा," रेडिओवाले म्हणाले. "गळ्यात घालायची वस्तू आहे का ती? दोन्ही केबल अंगाच्या एकाच बाजूला हव्यात. तुम्ही मध्ये उभे राहता म्हणजे तुम्हीच तारेत अडकलेले कावळे."

कोपऱ्यात वेटोळं घालून ठेवलेली पन्नास फूट जादा केबल कापून टाकली. उरलेल्या दोन्ही शेजारीशेजारी ठेवून हातहातभर अंतरावर कापडी पट्टीने बांधल्या आणि जमिनीला चिकटवून नेल्या. मशीन ताईच्या खोलीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात गेलं. भिंतीतून मशीनकडे येणारी वायर लोखंडी पाइपात गेली.

खरी पंचाईत आर्गनच्या मशीनची झाली. स्टीलच्या बारीक कामासाठी हे दुसरं मशीन होतं आणि त्याच्या पोटात ठिणगी पेटवून देणारी एक खास यंत्रणा होती. निम्मी खरखर तिचीच. मशीनच्या दोन्ही बाजूंचे पत्रे काकांनी कधीकाळी हवा लागावी म्हणून काढले होते.

"पत्रे हवेत," रेडिओवाले म्हणाले. "ती खरखर आत कोंडायला पत्रेच लागतात. कुठे आहेत?"

एक पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून सापडला. दुसरा फाटकाजवळ नोटीस बोर्ड होता. त्यावर 'जिन्यात सायकली ठेवू नयेत' अशी सेक्रेटरींचीच सूचना चिकटवलेली होती. काकांनी सेक्रेटरींकडे रीतसर तोंडी विनंती केली, सेक्रेटरींनी मंजुरी दिली आणि तो पत्रा सूचनेसकट मशीनला बसला. आतली ठिणगीची फट मात्र कंपनीच्या माणसाने येऊन, मशीनचा प्लग काढून, पुस्तकात दिलेल्या मापावर आणली. ती दुपटीने रुंद झाली होती.

मग परीक्षा. रेडिओवाले जुना ट्रान्झिस्टर घेऊन, काटा दोन स्टेशनांच्या मधल्या ओसाड जागेवर ठेवून, मजल्यामजल्यावर फिरले. खाली काका ठिणगी पेटवत.

"पहिला?" काका ओरडत.

"नाही."

"ताईची खोली?"

"गप्प आहे."

"खिडकीशी?"

"अगदी गप्प. तुम्ही खरंच पेटवताय ना?"

"पेटवतोय."

"हा रेडिओ म्हणजे ताईंच्या डबीचा डॉक्टर नव्हे," रेडिओवाल्यांनी खाली येऊन बजावलं. "आपण किती घाण बाहेर टाकतोय एवढंच हा सांगतो. बाकी त्यांना विचारा."

हॉस्पिटलमधून माणसं आली, मोजमाप केलं. डॉक्टरांनी लिहून दिलं की खोलीत राहायला हरकत नाही. वर्कशॉपमध्ये पाऊल टाकायचं नाही, काम चालू असताना अंगणातही थांबायचं नाही आणि गरगरलं तर लगेच लांब जाऊन फोन करायचा. काकांनी अंगणाच्या कडेने पिवळी रेघ मारली आणि ठिणगीचा उजेड कोणाच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून जाड पडदा लावला. ताई घरी आली, रेघेबाहेर उभी राहिली, पडद्याला इस्त्री नाही असं म्हणाली आणि वर गेली.

पहिले चार दिवस बिल्डिंगने काकांचं कौतुक केलं. पाचव्या दिवसापासून लोक गप्प झाले. बेल वाजली की आता दारात खरंच कोणीतरी असायचं. मेव्हणे आठव्यांदा आले, आत आले, आणि तीन दिवस राहिले. फोनवर शब्दन् शब्द ऐकू येई, त्यामुळे 'ऐकू आलं नसेल' हे वाक्य बिल्डिंगमधून उठलं आणि त्याच्या जागी चार घरांत अबोला आला. आजोबा अकरा वाजता कठडा धरून उभे राहत, बराच वेळ वाट बघत आणि लंगडत परत जात. हेडबाईंच्या घरून पाच ते सहा या वेळात पूर्वी एकच आवाज येई. आता दोन येऊ लागले.

दहाव्या दिवशी अर्ज निघाला. विषय: खरखर पूर्ववत करण्याबाबत. त्यात म्हटलं होतं की खाली सही करणारे सर्व रहिवासी काकांच्या सुधारणेचा आदर करतात, तथापि संपूर्ण शांतता ही कोणाचीच मागणी नव्हती. तरी काकांनी रोज सायंकाळी पाच ते सहा चिमटा पूर्वीच्याच जागी लावून काम करावं. सदर वेळेत ताईंनी फिरायला जावं. ते प्रकृतीसही चांगलं. हे मान्य नसेल तर अंगण बिल्डिंगचं असल्याने ते मोकळं करून द्यावं. खाली बावीस सह्या होत्या. अर्ज सेक्रेटरींच्या नावे होता आणि बाविसावी सही सेक्रेटरींच्या बायकोची होती.

"तुमच्या घरूनही?" काकांनी रेडिओवाल्यांना विचारलं.

"ती म्हणते, मी झोपेत बोलतो. बारा वर्षं तिला वाटायचं रेडिओ लागलाय."

रविवारी संध्याकाळी सहा वाजता अंगणात मीटिंग भरली. काकांना मध्ये स्टुलावर बसवलं. काकू शेजारी उभ्या राहिल्या. ताईची खोली वरच होती आणि खिडकी उघडी होती. रेडिओवाल्यांनी खाकरून अर्ज वाचला आणि काकांकडे न बघता विचारलं, "पाच ते सहा. तेवढंच. मान्य आहे?"

काकांनी समोर पाहिलं. त्यांनी जोडलेल्या जाळ्यांमागे राहणारी बावीस माणसं त्यांच्याकडे बघत होती. काकांची मान खाली गेली.

"मान्य," कोणीतरी म्हणालं. "लिहा, लिहा."

"लिहू नका," काकू म्हणाल्या. "ते हो म्हणाले नाहीत."

"मान हलवली की, वहिनी."

"ती हेल्मेटची मान आहे."

"हेल्मेट कुठे आहे?"

"ते काढून ठेवलं तरी ती तशीच हलते. तुम्हाला सांगून कळायचं नाही. माझं लग्न याच्यावर झालंय."

"मग नाही म्हणा ना, काका," रेडिओवाले कळवळून म्हणाले. "एकदा तोंडाने नाही म्हणा, मी खोडतो."

काकांनी तोंड उघडलं. अंगण आपल्या हातून गेलं तर काम गेलं, आणि चिमटा कठड्याला गेला तर ताई गेली, एवढं त्यांना स्वच्छ दिसत होतं. पण कोणालाही नाही म्हणायची त्यांच्या तोंडाला सवय नव्हती. मान पुन्हा खाली गेली आणि रेडिओवाल्यांनी नाइलाजाने वहीत 'मान्य' असं लिहिलं.

तेव्हा वरून ताईचा आवाज आला. "अर्ज वर पाठवा."

काकू तो घेऊन वर गेल्या. खाली सगळे ताटकळत उभे राहिले. ताईने चष्मा लावला, अर्ज दोनदा वाचला, उलटा करून मागचं पान पाहिलं, मग पट्टी मागवली. थोड्या वेळाने कागद खाली आला. सह्यांच्या शेजारी लाल पेन्सिलीने एक उभा रकाना आखलेला होता आणि त्यावर 'कारण' असं लिहिलेलं होतं.

"कारणाचा रकानाच नाही तुमच्या अर्जात," ताई खिडकीतून म्हणाली. "असला कागद मी कधी आत घेतला नाही. प्रत्येकाने आपल्या सहीसमोर खरखर कशासाठी हवी ते लिहायचं. स्वतःच्या अक्षरात. घरातलं माणूस शेजारी उभं असताना. आणि मी फिरायला कुठून जाणार, तेही कोणीतरी लिहा."

"जिन्याने," मागून कोणीतरी म्हणालं.

"कठडा धरून?"

डॉक्टरांनी ताईला जिना उतरताना कठडा सोडू नकोस असं सांगितलं होतं, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ती रोज चार वाजता तो धरून सावकाश उतरत होती आणि हे सगळेच दारातून 'सांभाळून' म्हणत होते. पाच ते सहा या वेळेशी मात्र कोणी त्याचा संबंध जोडला नव्हता.

कागद हातोहात फिरू लागला. पेन प्रत्येकाकडे जाई, तिथे घुटमळे आणि पुढे जाई. मेव्हणेवाल्या बाईंनी कागद घेतला तेव्हा मेव्हणे शेजारीच खुर्चीवर बसले होते. त्यांनी प्रेमाने "मी धरू का कागद?" असं विचारलं. बाईंनी आपली सही हळूच खोडली. उशिरा येणाऱ्या चार नवऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकाच पेनने एकापाठोपाठ चार सह्या खोडल्या. सेक्रेटरींच्या बायकोने खोडताना कागद फाडला.

आजोबांनी मात्र लिहिलं: गुडघा.

मग कागद हेडबाईंकडे आला. त्यांनी चाळीस वर्षं मुलांकडून उत्तरं लिहून घेतली होती. कोरा रकाना त्यांच्याने सोडवेना. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: सुनेचे बोलणे ऐकू येते.

सून शेजारीच होती. तिने वाचलं. सगळ्यांना वाटलं, आता हे अंगण पेटणार. सुनेने सासूच्या हातातून पेन घेतलं आणि आपल्या सहीसमोर लिहिलं: सासूबाईंना माझे बोलणे ऐकू येते.

हेडबाईंनी ती ओळ बोट फिरवत पुन्हा वाचली.

"म्हणजे तुला मी ऐकत नव्हते तेच बरं वाटत होतं?" हेडबाई म्हणाल्या.

"आई, मी बारा वर्षं काय बोलले ते तुम्हाला ऐकू आलं असतं तर मी या घरात असते का?"

हेडबाई जरा विचारात पडल्या. "ऑफिसातल्या माणसांबद्दल असायचं ना ते?"

"तेही असायचं."

"हेडबाई," वरून ताई म्हणाली, "कानातल्या यंत्राला बटण असतं. बंद करता येतं."

"बटण मला ठाऊक आहे हो," हेडबाई वर बघत म्हणाल्या. "पण बटण बंद केलं तर ते मी केलं असं होतं. खरखर होती तेव्हा कोणीच काही केलेलं नसायचं."

ताई खिडकीच्या चौकटीला टेकली.

"हे कारण बरोबर आहे," ती म्हणाली. "मी हा कागद परत पाठवला नसता. पण माझ्या छातीतल्या डबीला बटण नाही."

हेडबाईंनी आपली ओळ एका रेघेत खोडली. मग पेन सुनेपुढे धरलं. सुनेने आपली खोडली आणि सासूच्या हाताखाली हात घालून तिला जिन्याकडे नेलं. वर जाताना ती हलक्या आवाजात काहीतरी बोलत होती आणि हेडबाई म्हणत होत्या, "ऐकू आलं मला. पुन्हा सांगू नकोस."

रेडिओवाल्यांनी वहीत नोंद केली: अर्जावर एक वैध सही उरली. गुडघ्याचा विचार पुढील मीटिंगमध्ये करण्यात येईल. आणि वर लिहिलेलं 'मान्य' खोडलं.

काका स्टुलावरून उठले. ते वर्कशॉपमध्ये गेले आणि कानस, ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन आले. कठड्याच्या पायाशी, चिमट्याने घासून आरशासारख्या झालेल्या त्या जागेसमोर बसले, ती घासून खरखरीत केली आणि तिच्यावर रंगाचा जाड हात मारला. लोक बघत होते. एक हात झाल्यावर त्यांनी दुसरा मारला. मग डब्यात थोडा रंग उरला म्हणून तिसराही मारला.

आजोबा जवळ येऊन उभे राहिले. "आता इथे कधीच नाही येणार?"

"नाही," काका म्हणाले.

हे त्यांनी मान न हलवता म्हटलं होतं, पण ते फक्त आजोबांनीच ऐकलं आणि आजोबा फार नाराज असल्यामुळे त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही.

महिन्याने तपासणी होती. काका ताईला घेऊन हॉस्पिटलमध्ये गेले. पेसमेकर तपासणाऱ्या बाईने ताईच्या छातीवर एक चकती ठेवली आणि पडद्यावर मागच्या तीस दिवसांच्या नोंदी आणल्या. डबी आत बसून सगळं टिपत होती, हे काकांना माहीत नव्हतं. ते खुर्चीच्या कडेवर बसून पडद्याकडे बघत राहिले, वेल्डिंगच्या काचेतून बघावं तसे, डोळे बारीक करून. बाईने एकेक दिवस खाली सरकवला. वेल्डिंग चालू असल्याच्या तारखा आणि वेळा काकांनी एका कागदावर लिहून आणल्या होत्या. त्या तिने ताडून पाहिल्या.

"बाहेरून एकदाही त्रास झालेला नाही," ती म्हणाली. "एकही नोंद नाही. काम चालू ठेवा."

काकांनी तारखांचा कागद घडी करून खिशात घातला.

"पण हे काय आहे?" बाई पडद्याजवळ वाकली. "रविवारी, संध्याकाळी सव्वासहा ते सात. ठोके फारच वाढलेत. पाऊण तास. जिने चढत होतात का?"

"नाही. खिडकीत उभी होते."

"मग काय चाललं होतं?"

"मीटिंग," ताई म्हणाली.

बाईने काकांकडे पाहिलं. काकांनी छताकडे पाहिलं.

"पुन्हा आहे का अशी?"

"महिन्याच्या शेवटच्या रविवारी. गुडघ्याचा विषय आहे."

बाईने कागद ओढला आणि लांब राहायच्या गोष्टींच्या यादीत, वेल्डिंगच्या खाली, 'मीटिंग' असं लिहिलं. ताईने तो कागद घेतला, चष्मा लावला, वाचला आणि परत टेबलावर ठेवला.

"लांब म्हणजे किती फूट," ती म्हणाली, "ते नाही लिहिलंत."